धुऊन ठेवलेली बरणी

१

चोरानं माल नेला आणि भांडं घासून, पुसून, झाकण लावून जागच्या जागी ठेवलं, असा चोर साबेरा आपांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि आपांनी चोर कमी पाहिले होते असंही नाही. नांदेडच्या उर्दू शाळेत हेडमास्तरीण म्हणून त्यांची हयात गेली होती. खडू चोरणारे, डबे चोरणारे, एक बहाद्दर तर शाळेची घंटाच भंगारात घालायला निघालेला. सगळ्यांचे कान आपांच्या चिमटीतून गेलेले. रिटायर होऊन त्या लातूरला लेकाकडं राहायला आल्या, तेव्हापासून त्यांना एकच खंत होती. लेकाच्या घरात कुणी काही चोरतच नव्हतं.

म्हणून मंगळवारी सकाळी शेजारची भार्गवी रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली तेव्हा आपांना वाईट वाटलं हे खरं, पण आतून जरा तरतरीही आली. खोटं कशाला बोला.

सावरवाडीच्या सरपंचांचा फोन आला होता. शाळेच्या खोलीतली भार्गवीची बरणी रिकामी होती.

ही भार्गवी कंधारकर लातूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. भूकंपाला दहाएक वर्षं होत आली होती, लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि बायोलॉजी शिकवणाऱ्याला सोन्याचा भाव होता. पण हिचं डोकं अडकलं होतं मुखेड तालुक्यातल्या त्या सावरवाडीच्या बोअरमध्ये. तिथलं पाणी दिसायला काचेसारखं, पण त्यात फ्लोराइड इतकं की लेकरांचे दात तपकिरी आणि चाळिशीतली माणसं गुडघे धरून उठणारी. गावच्याच एका पडक्या विहिरीच्या गाळात भार्गवीला एक जिवाणू सापडला. गुळाचं पाणी खाऊन तो वाढायचा आणि पाण्यातलं फ्लोराइड स्वतःत धरून ठेवायचा. मग पाणी वाळूतून गाळायचं, उकळायचं आणि प्यायचं. गावाला समजावताना ती म्हणाली होती, दह्यात असतात तसलेच हे डोळ्यांना न दिसणारे जीव. तेव्हापासून त्या बरणीचं नाव पडलं 'म्याडमचं विरजण'.

येत्या गुरुवारी नांदेडहून जिल्ह्याची समिती येणार होती. बोअरच्या पाण्यात जिवाणू सोडून फरक दाखवला, तर गावाला कायमची टाकी मिळणार. नाही दाखवला, तर विजेवर चालणारं एक मशीन गळ्यात पडणार, आणि सावरवाडीत वीज पाहुण्यासारखी येऊन चहा न पिता जायची. त्यात आणखी घात असा की कॉलेजच्या फ्रिजमध्ये गोठवून ठेवलेला जास्तीचा नमुना रविवारीच गेला होता. हॉलमध्ये एका क्लासची परीक्षा होती आणि कुणीतरी कूलर लावायला फ्रिजची पिन उपसली, तसा तो वितळून नासला.

"म्हणजे उरली होती ती एवढी एक बरणीच?" आपांनी विचारलं.

भार्गवीनं मान हलवली. तीन वर्षांचं काम, आणि एका गावाचं पिण्याचं पाणी. पुन्हा गाळ उपसायचा म्हटला तर ती विहीर गेल्या पावसाळ्यात ढासळून बुजली होती.

आपांनी चपला पायात सरकवल्या. "चल. मुखेडची गाडी चुकली तर जळकोटवरून जाऊ."

२

गावात पोचेपर्यंत सरपंच संगप्पांनी आभाळ डोक्यावर घेतलं होतं. माणूस दिलाचा चांगला, पण आवाज असा की शेजारच्या शिवारातले बैल थांबावेत. पोलीस बोलावतो, माग काढणारं कुत्रं आणतो, घराघराची झडती घेतो, एकेकाला आत टाकतो, असं सकाळपासून पारावर उभं राहून त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवलं होतं. आपांनी त्यांना हळूच सांगितलं की सरपंच, शाळेत चोरी झाली की पहिल्यांदा ओरडायचं नसतं, ओरडलं की पोरं खरं गिळून टाकतात. पण आता बोलून काय उपयोग, व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बरणी फळीवर होती. आपांनी ती उजेडात धरून उलटीसुलटी पाहिली. आत ना चिकटा, ना वास. राखेनं घासलेली असावी अशी लखलखत होती. तळाशी मात्र काहीतरी काळं पडलं होतं. आपांनी झाकण काढलं. सुपारीएवढा गुळाचा खडा निघाला.

तो पाहून भार्गवीचा चेहराच उतरला. "मला चिडवलंय हो कुणीतरी. जंतूंचं खाणं तेवढं ठेवलंय, जंतू नेलेत."

आपांनी तिला विचारलं की तू त्यांना गूळ कसा घालतेस. पाण्यात विरघळवून, गाळून, ती म्हणाली. खडा कधीच नाही. गुळाचा डबा शेजारीच होता, झाकण घट्ट, आतला गूळ पिवळाजर्द. बरणीतला खडा काळपट होता, घरगुती. आपांनी तो रुमालात बांधून घेतला. भार्गवीला वाटलं बोटांचे ठसे वगैरे असतील, पण आपांनी नंतर त्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला. गूळ चांगला होता.

खोलीचं कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ली संगप्पांच्या घरी, दाराआड खिळ्याला. भार्गवी सोमवारी सकाळी येऊन गेली होती, तेव्हा बरणी भरलेली होती. फ्रिजचा सगळा प्रकार तिनं शाळेच्या ओट्यावर उभं राहून संगप्पांना सांगितला होता. हापशावर पाण्याला आलेल्या बायाही ऐकत होत्या. दुपारच्या गाडीनं ती परत गेली. मंगळवारी सकाळी संगप्पांनी खोली उघडली तर हे असं.

म्हणजे काम रात्रीचं, यावर पारावर सगळ्यांचं एकमत होतं. चोर रात्रीच येतो, हे काय सांगायला पाहिजे का?

"आन् ऐका," संगप्पा या वेळी मात्र आवाज खाली आणून म्हणाले, "काल रात्री गावात बाहेरचे दोघं मुक्कामाला होते. एक तो मशीनवाला वीरभद्र. आन् दुसरे तुमच्या लातूरचे क्लासवाले अंबरीश सर."

भार्गवी खाली बसली. कॉलेजच्या हॉलमध्ये रविवारी परीक्षा अंबरीशच्याच क्लासची होती.

३

वीरभद्रअप्पा मुखेडला पाणी शुद्ध करायची मशिनं विकायचे. गावात त्यांची बहीण दिली होती. आपा गेल्या तेव्हा ते बहिणीच्या ओसरीवर पाय पसरून बसले होते आणि घसा असा बसला होता की बोललेलं निम्मं कळत नव्हतं. रात्रभर महादेवाच्या देवळात भजन होतं, अप्पांनी टाळ कुटून गळा फाडला होता, आणि याला अख्खं देऊळ साक्षी होतं.

बरणी गेली तर तुमचंच भलं, असं आपांनी तोंडावरच म्हटलं. अप्पांनी ते आनंदानं कबूल केलं.

"भलं तर हाय. मशीन खपंल माझं. पन बाई, मी बरणी नेली असती तर फोडून टाकली असती. घासून कामून ठेवीन? घरी जेवल्यालं ताट उचलत न्हाई मी." आतून बहीण हसली, त्यावरून एवढं तरी खरं असावं.

अंबरीश सर संगप्पांच्या घरी होते. लातुरात त्यांचं नाव मोठं. पाटीवर त्यांचा फोटो माणसापेक्षा मोठा होता. भार्गवीनं आपल्या क्लासला शिकवायला यावं म्हणून ते वर्षभर तिच्या मागं लागले होते, आणि तिच्या वडिलांनाही ते पटलं होतं. हे पाण्याचं खूळ फसलं तर क्लासला जाईन, असा शब्दही तिनं वडिलांना देऊन टाकला होता. म्हणजे बरणी नाहीशी झाल्यानं फायदा झाला असेल तर वीरभद्रअप्पांच्या खालोखाल यांचाच. शिवाय फ्रिज.

आपा त्यांच्यासमोर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. हा त्यांचा जुना डाव. गप्प बसलं की पोरगं आपणहून बोलतं. अंबरीश सर थोडा वेळ पंख्याकडं पाहत राहिले, मग चपलेकडं, आणि मग म्हणाले, "पिन माझ्या पोरांनी काढली. मी तिथंच होतो. मलाच कूलर पाहिजे होता. फोनवर सांगायला तोंड होईना, म्हणून काल गाडी काढून इथं आलो, तर मॅडम निघून गेलेल्या. परत निघालो तर गाडी बंद."

आणि रात्री? रात्री ते संगप्पांच्या अंगणात झोपले. ते कसे घोरतात याचं वर्णन संगप्पांनी इतक्या तपशिलानं केलं की संशयाला जागाच उरली नाही. बिचाऱ्या संगप्पांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अंगणातून कुणी खिळ्याची किल्ली न्यायला आत आलं असतं तर त्यांना कळलंच असतं.

शाळेची खोली आणखी कोण उघडतं, आपांनी विचारलं. झाडलोट करायला गोदावरीबाई. किल्लारीकडची बाई, भूकंपात सगळं घर गेलं, तेव्हापासून इथं भावाकडं. ती आज पहाटेच्या गाडीनं ओढ्यापलीकडं लिंबवाडीला भाचीकडं गेली होती. "तिला कामून मधी घेता," संगप्पा म्हणाले, "गरीब गाय हाय ती. दिवेलागणीला जेवून झोपती."

झालं. ज्यांना चोरी करून फायदा, ते रात्रभर कुणाच्या ना कुणाच्या नजरेखाली. बाकी कुणाला चोरी करून फायदाच नाही. आणि बरणी तर रिकामी. भार्गवीनं सूर्याकडं पाहिलं. आज दिवसभरात जिवाणू पाण्यात पडले नाहीत, तर गुरुवारपर्यंत फरक दिसणंच शक्य नव्हतं.

४

आपांनी घरं पालथी घालायला घेतली. प्रत्येक घरी तोच प्रश्न, रात्री कुठं होता. आणि बाया काय भराभर उत्तरं देत होत्या. भजनाला होते, लेकराला ताप होता, म्हैस व्यायली. नजर सरळ, आवाज स्वच्छ. आपांनी हजारो पोरांचं खोटं ऐकलं होतं. हे खोटं नव्हतं.

तरी काहीतरी बिनसलं होतं. ऊन मी म्हणत होतं, आणि सावरवाडीच्या बाया आग्रहाच्या. मागच्या वेळी भार्गवीबरोबर आल्या होत्या तेव्हा आपांना हाताला धरून चुलीपाशी नेलं होतं, धपाटी वाढली होती, दही वाढलं होतं, वर बांधूनही दिलं होतं. आज मात्र ओसरीवरच सतरंजी. तिथंच चहा. पाणी मागितलं तर बाई लगबगीनं आत जायची आणि जाताना दार ओढून घ्यायची. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच.

आपांच्या मनात नको ते आलं. वय झालं होतं, पण ते शल्य कधी जुनं होत नाही. कुणी गावात काही पढवून गेलं की काय? आपण यांच्या चुलीपाशी नको झालो की काय? त्यांनी चहा तसाच ठेवला आणि उठल्या.

पुढचं घर संगप्पांचं. त्यांची बायको तुळजाबाई म्हणजे गावातली सगळ्यांत मोकळी बाई. तिनंही सतरंजी ओसरीवरच टाकली. भार्गवीला तहान लागली होती. ती सवयीनं उठून माजघराकडं वळली तर तुळजाबाईनं दारात आडवा हातच धरला.

"बसा की म्याडम. मी आणते की."

भार्गवी तर तीन वर्षं या घरची लेक असल्यासारखी वावरायची. आपांच्या छातीवरचा दगड एकदम उतरला. इथं जातधर्माचा प्रश्न नव्हता. दोघींनाही आत घ्यायचं नव्हतं. म्हणजे आत काहीतरी होतं.

आपांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि काल दुपारी कुठं होता, तुळजाबाई?"

"दुपारी?" तुळजाबाईनं पदर सारखा केला. मग पुन्हा केला. "दुपारी... दुपारी कोण कुठं असतंय, आपा. घरीच की."

बस. चौथीतल्या पोरानं उत्तर द्यावं तसं उत्तर होतं ते. आपा बाहेर आल्या, शाळेसमोरच्या लिंबाखाली जाऊन बसल्या, आणि रुमालातला गुळाचा खडा काढून हातावर घेतला. भार्गवीला वाटलं, आपांना ऊन लागलं. कारण आपा एकट्याच हसायला लागल्या होत्या.

"भार्गवी, आपण सकाळपासून गाढवपणा करून राहिलो. चोर रात्री येतो म्हणून आपण सगळ्यांची रात्र तपासली. पण हे काम भर दुपारचं आहे. ते दुपारीच होऊ शकतं. तुझ्याजवळ रिकामा डबा आहे?"

होता. आपांनी तो हापशावर स्वच्छ धुतला, सूर्य किती वर आहे ते पाहिलं, आणि झपाझप परत संगप्पांच्या घराकडं निघाल्या.

५

ओसरीवर संगप्पा होते, अंबरीश सर होते, घसा शेकत वीरभद्रअप्पाही येऊन बसले होते. आपांनी कुणाकडं पाहिलं नाही. उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, डबा पुढं केला, आणि शेजारीण शेजारणीला म्हणते तशा आवाजात म्हणाल्या, "तुळजाबाई, आमच्या भार्गवीच्या घरचं विरजण संपलंय. दिवस मावळायच्या आत आलेय. थोडं द्या."

तुळजाबाई जिथल्या तिथं थांबली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, अंगणातल्या उन्हाकडं पाहिलं. ऊन अजून होतं. दारात मागायला आलेल्या बाईला उजेडी विरजण नाही म्हणायचं, हे तिच्या आईनं कधी केलं नव्हतं, सासूनं केलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली.

"आपा, तुम्ही लई वंगाळ बाई हाव." एवढं बोलून ती आत गेली आणि फडक्यानं तोंड बांधलेलं एक मडकं घेऊन आली.

भार्गवीनं फडकं सोडलं, वास घेतला. "तेच आहे," ती म्हणाली. "जिवंत आहे."

संगप्पांचं तोंड उघडं ते उघडंच. ज्या चोराला धरायला ते कुत्रं आणणार होते तो चोर त्यांच्याच माजघरात मडकं झाकून बसला होता.

मग आपांनी सगळं उलगडून सांगितलं, आणि त्यांना ते सांगताना काय सुख झालं म्हणता. वैरी बरणी फोडतो, लपवतो, धूत नाही. बरणी धुतो कोण? ज्याला ती परत करायची असते. आणि परत करताना आपल्या बायाबापड्या भांडं रिकामं कधी देत नाहीत. चिमूट साखर, मूठभर ज्वारी, काही नाही तर गुळाचा खडा त्यात टाकतात. तो खडा जंतूंचं खाणं नव्हता, तो शेजारधर्म होता. म्हणजे हे चोरून नेलेलं नाही, मागून नेल्यासारखं नेलेलं. आणि गावात सगळे याला विरजण म्हणतात, तर त्याला वागणूकही विरजणाची मिळणार. तिन्हीसांजेनंतर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, हे तर माझ्या नांदेडच्या मोहल्ल्यातही पाळतात. मग ते रात्री कसं जाईल? दुपारीच गेलं. रात्रीचा प्रश्न विचारला की बाया खरं बोलायच्या, कारण रात्री त्यांनी काही केलंच नव्हतं.

"आणि एका घरानं एवढी बरणी नेली नसती," आपा म्हणाल्या. "दारं तर सगळ्यांनीच ओढून घेतली. म्हणजे घरोघर आहे."

तुळजाबाईनं कबूल केलं. सोमवारी भार्गवीची गाडी गेली आणि दुपारी गोदावरीबाई बरणी काखेत घेऊन घरोघर फिरली. म्हणाली, म्याडमचं लातूरचं मेलं, आता एवढंच उरलं, एका जागी ठेवायचं न्हाई, थोडं थोडं ठेवा. म्याडम आल्या की सांगू, असं ठरलं होतं. पण सकाळी सरपंचांनी पोलिसांची भाषा केली आणि साऱ्या गावाची दातखीळ बसली.

संगप्पा हळू आवाजात म्हणाले, "मला सांगायचं की गं."

"तुमी ऐकता कवा?" तुळजाबाई म्हणाली.

बातमी फुटली तशा बाया मडकी घेऊन यायला लागल्या. कुणी भार्गवीचं पाहून बोअरच्या पाण्यात गूळ घालून ठेवलं होतं. ते ठीक. पण विरजण म्हटल्यावर कित्येकींनी ते सरळ कोमट दुधात घातलं होतं आणि दही लागेना म्हणून हळहळत होत्या. वीरभद्रअप्पांची बहीण तर चाचरत म्हणाली, लागलं न्हाई, पर टाकवंना, सकाळी दादाला भाकरीसंगं वाढलं.

वीरभद्रअप्पांचा उरलासुरला आवाजही गेला. भार्गवीनं त्यांना समजावलं की काही होणार नाही, फार तर पोट जरा बिघडेल. पण अप्पा त्या संध्याकाळी कुणाशी बोलले नाहीत.

दुधातलं गेलं ते गेलं. आता प्रश्न उरल्यासुरल्या मडक्यांचा होता. त्यातलं पाणी सुधारलं होतं की नाही, हे गुरुवारीच कळणार होतं. आणि भार्गवीला भीती वाटत होती की घरगुती मडक्यांत काही राहिलं नसेल.

६

समितीच्या प्रमुख सादिया मॅडम म्हणजे नांदेडच्या इंजिनियर, वयानं तरुण, बोलण्यात तोलूनमापून. त्यांच्याबरोबरच्या दोघांनी शाळेच्या ओट्यावर बाटल्या मांडल्या. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर फ्लोराइड जास्त, गुलाबी राहिलं तर पाणी चांगलं. आधी बोअरचं पाणी घेतलं. पिवळंधमक.

मग तुळजाबाईच्या मडक्यातलं, वाळूतून गाळून. सगळा गाव वाकून पाहत होता. थेंब पडले, पाणी हललं, आणि गुलाबीच राहिलं. दुसऱ्या घरचंही गुलाबी. तिसरं मधेच कुठंतरी, नारिंगीसारखं. ती बाई खाली मान घालून म्हणाली की गूळ संपला होता घरात. चौथं गुलाबी. भार्गवीनं आपांचा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या.

सादिया मॅडमनी बाटल्या खाली ठेवल्या. पाणी चांगलं झालंय हे दिसतंय, त्या म्हणाल्या, पण माझी अडचण पाण्याची नाही. "मी ज्या गावांना मशिनं दिली, तिथं सहा महिन्यांनी त्यांच्यावर कोंबड्या बसतात. तुम्ही लातूरला गेल्यावर हे कोण बघणार, मॅडम?"

भार्गवीनं तीन वर्षं त्या बरणीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

तेवढ्यात एसटी थांबली आणि गोदावरीबाई उतरली. काटक, ठेंगणी म्हातारी, हातात रिकामा तांब्या. शाळेपुढं एवढी गर्दी पाहून ती बिचकली. संगप्पांनी तोंड उघडलं होतं, पण तुळजाबाईनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

भार्गवी पुढं झाली. दोन दिवसांचा राग तिच्या जिभेवर होता. "मावशी, मला का नाही विचारलंत?"

गोदावरीबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "इचारलं असतं तर दिलं असतंस?"

भार्गवी खोटं बोलू शकली असती. "नाही," ती म्हणाली.

"मग." म्हातारी ओट्यावर टेकली. कुणी विचारलं नव्हतं, पण ती बोलायला लागली. "माझ्या घरी सासूच्या सासूपासनं एकच विरजण चालत आल्तं. कवडीवानी दही पडायचं. लई मान होता त्याचा, म्हनून मी कुनाला देत नव्हते. मागाया आली की म्हनायचे, आज न्हाई लागलं गं. मग ती पहाट आली. घर गेलं, मानसं गेली. मातीतनं भांडी काढली लोकांनी, पन विरजण कुठनं काढतेत? एका जरी बाईला दिलं असतं ना पोरी, तर माझ्या घरचं कायतरी कुठंतरी लागलं असतं. तू परवा ओट्यावर म्हनलीस, आता एवढंच उरलं. मला रातभर झोप न्हाई लागली असती."

आपांनी चष्मा काढून पुसला. उभ्या हयातीत कान पकडायची सवय झालेला त्यांचा हात म्हातारीच्या खांद्यावर गेला.

सादिया मॅडमनी म्हातारीच्या हाताकडं बोट केलं. "तांब्या घेऊन कुठं गेला होतात, आजी?"

"लिंबवाडीला. तिथलं पानी बी असलंच. भाचीच्या गल्लीत दिलं समद्यांना."

"लिंबवाडी जळकोट तालुक्यात येते. तो लातूर जिल्हा झाला. आमची योजना नांदेडची आहे."

"आसंल की," गोदावरीबाई म्हणाली. "पानी प्यायला जिल्हा लागतो व्हय?"

सादिया मॅडम हसल्या, पहिल्यांदाच. टाकीचा कागद पुढं ओढून त्यांनी सही केली आणि देखभाल करणाऱ्याचं नाव विचारलं. भार्गवीनं गोदावरीबाईंचं सांगितलं. मशीनला नकार आल्याचं पाहूनही वीरभद्रअप्पा सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागले. त्यांचं पोट ठणठणीत होतं आणि जीव वाचल्याचा आनंद मोठा होता.

मग भार्गवीनं बायांना ओट्यावर बसवलं आणि मडकी समोर मांडायला लावली. गूळ किती, पाणी कधी बदलायचं, गाळायचं कसं, उकळायचं का, आणि दूध अजिबात नाही, हे ती हात हलवून, हसून, पुन्हा पुन्हा सांगायला लागली. एकीनं विचारलं की वासावरून मेलं की जगलं ओळखायचं कसं, तर तिनं मडकं फिरवून प्रत्येकीला वास घ्यायला लावला. अंबरीश सर लांब गाडीला टेकून ऐकत होते. आपा त्यांच्याजवळ गेल्या तर ते म्हणाले, "चांगली शिकवते. माझ्या कामाची राहिली नाही आता." आणि बोनेट उघडून गाडी दुरुस्त करायचं नाटक करायला लागले.

शिकवून झालं तशी भार्गवीनं विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. गोदावरीबाई मागच्या बाजूला बसली होती. तिनं शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

"दुसऱ्या गावची बाई मागाया आली, तर?"

"द्यायचं, मावशी," भार्गवी म्हणाली. "मला विचारायचंही नाही."